कारवानी कुत्रं घ्यायच्या आधी

मुधोळ हाउंड, कारवान, कारवानी, पश्मी... एवढी नावं ऐकली की नवीन माणूस गोंधळतो, म्हणून आधी तेवढं उरकून घेतो. कुत्रं एकच. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ आणि तिथलं घोरपडे संस्थान यामुळे मुधोळ हे नाव पडलं, आपल्याकडे लातूर, सोलापूर, सांगली भागात कारवानी म्हणतात, आणि ज्याच्या कानाला-शेपटीला लांब रेशमी केस असतात तो पश्मी. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कारवान हाउंड म्हणून नोंदवतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. इराण आणि मध्य आशियाकडून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, सैन्याबरोबर जी सालुकी-ताझी जातीची, म्हणजे तिकडची सडपातळ पळणारी शिकारी कुत्री दख्खनमध्ये आली त्यांच्यापासून ही जात झाली असं मानतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ती जपली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला एक जोडी भेट दिली. २००५ ला पोस्टानं त्याच्यावर तिकीट काढलं, पुढे लष्करानं मेरठच्या सेंटरला ट्रेनिंग दिलं आणि ३० ऑगस्ट २०२० च्या मन की बातमध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्री पाळा असं सांगताना मुधोळचं नाव घेतलं. तेव्हापासून ज्याला त्याला मुधोळ हवाय.

हवाय यात काही वाईट नाही, देशी जात टिकायची तर ती लोकांच्या घरात राहिली पाहिजे, नुसती तिकिटावर नाही. पण लॅब्रॅडॉर घेणं आणि कारवानी घेणं यात एक मोठा फरक आहे आणि तो कोणी सांगत नाही. लॅब्रॅडॉर जगात लाखोंनी आहेत, तुमच्या एका कुत्र्याचं तुम्ही काय केलं यानं त्या जातीला काही फरक पडत नाही. कमी संख्येच्या जातीचं कुत्रं घेतलं की त्या जातीच्या रक्ताचा एक छोटा पण खराखुरा हिस्सा तुमच्या दारात येतो, तुम्ही त्याला कुणाशी लावता, त्याची नोंद ठेवता की नाही, त्याला साखळीला बांधून चिडकं करता की माणसात वाढवता, या सगळ्याचा परिणाम तुमच्या कुत्र्यावर थांबत नाही. त्यामुळे यात दोन जबाबदाऱ्या येतात, एक त्या जनावराची आणि एक त्या जातीची. दोन्ही सांगतो, आधी जनावराची.

कारवानी म्हणजे पळायचं शरीर, हे डोक्यात पक्कं बसवा म्हणजे निम्म्या गोष्टी आपोआप कळतील. खांद्यापर्यंत उंची साधारण २५ ते २९ इंच, म्हणजे उंचीला चांगलं मोठं कुत्रं, पण वजन मात्र तेवढ्याच उंचीच्या जर्मन शेफर्डपेक्षा बरंच कमी. छाती खोल, पोट आत ओढलेलं, कंबर बारीक, पाठीचा कणा लवचिक. ही कुत्री पूर्ण वेगात पळताना एका फेरीत दोनदा चारही पाय जमिनीवरून उचलतात, एकदा अंग गोळा करून आणि एकदा पूर्ण ताणून, घोड्याच्या चौखूर धावेत हे एकदाच होतं. एवढ्यासाठी अंगावर चरबी नको, कातडी पातळ हवी, केस आखूड हवेत. आणि याच गोष्टींची किंमत घरात मोजावी लागते. पातळ कातडी तारेला, काट्याला पटकन फाटते आणि दुसऱ्या कुत्र्याला नुसतं खरचटेल तिथे याला टाके पडतात. चरबी नाही त्यामुळे थंडीत कुडकुडतं, आणि फरशीवर झोपून झोपून कोपराला घट्टे पडतात, कधी त्यात पाणी धरतं. जाड गादी किंवा पोत्याचं जाड अंथरूण द्या, ती चैन नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भूल. ग्रेहाउंडसारख्या नजरेनं शिकार करणाऱ्या कुत्र्यांचं लिव्हर काही औषधं फार हळू फोडतं आणि औषध साठवून घ्यायला अंगात चरबीही नसते, त्यामुळे थायोपेंटोनसारख्या भुलेच्या इंजेक्शनमधून ती लवकर बाहेर येत नाहीत, कधी तासन्‌तास गुंगीत राहतात. कारवानी त्याच बांध्याचा आहे. म्हणून नसबंदी असो, टाके असोत, दात काढायचा असो, डॉक्टरला आधी स्वतःहून सांगा की हा साइटहाउंड, म्हणजे नजरेनं शिकार करणारा कुत्रा आहे, आणि विचारा, भूल कुठली देणार, वजन आत्ता केलंय का, ऑपरेशननंतर अंग गरम ठेवायची सोय काय. गावाकडच्या डॉक्टरचा बहुतेक वेळ गाई-म्हशींत जातो, त्यांना राग येईल म्हणून गप्प बसू नका, नीट विचारलं तर कोणी रागवत नाही. रक्ताच्या रिपोर्टचंही तसंच आहे. ग्रेहाउंडमध्ये लाल पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, प्लेटलेट थोड्या कमी आणि थायरॉइडचा आकडा कमी येणं नॉर्मल असतं. नुसत्या छापील रेंजकडे बघून धडधाकट कुत्र्याला थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्याची उदाहरणं त्या जातीत आहेत. म्हणून तुमचं कुत्रं तरुण आणि ठणठणीत असतानाच एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवा, पुढे आजारी पडलं की त्याच्याशी ताडून बघता येतं.

आता डोकं. हे कुत्रं वासावर नाही तर नजरेवर चालतं. लांबवर काहीतरी हललं की पुढचं सगळं आपोआप होतं, तुम्ही हाक मारताय हे त्याला ऐकू येत असेलही पण त्या क्षणी त्याच्या लेखी तुम्ही नसताच. हजारेक वर्षं माणसानं हेच बघून बघून निवडलंय, त्यामुळे चार महिन्यांच्या ट्रेनिंगनं ते जाईल असं समजू नका. ट्रेनिंग द्यायचंच, बोलावल्यावर येणं लहानपणापासून शिकवायचंच, पण रस्त्याच्या कडेला मोकळं सोडायचं नाही म्हणजे नाही. पाळलेली कारवानी गाडीखाली येतात ती याच कारणानं, रस्त्यापलीकडे मांजर दिसलं आणि मधला रस्ता त्याला दिसलाच नाही. मोकळं पळवायचं तर कंपाउंड असलेलं मैदान, सहा फुटाची जाळी, खाली फट नाही, ते नसेल तर लांब दोरी. आणि पट्टा कुठला घेता ते बघा. या कुत्र्याची मान डोक्यापेक्षा फार बारीक नसते, साधा पट्टा घाबरून मागे ओढलं की कानावरून सटकन निघतो. मार्टिंगेल पट्टा मिळतो, ओढ बसली की तेवढ्यापुरता आवळतो आणि गळा दाबत नाही, तो घ्या, रुंद बघून घ्या.

आजूबाजूला कोंबड्या, शेळीची करडं, मांजरं असतील तर आधीच विचार करा. लहानपणापासून सोबत वाढवलं तर घरचं मांजर चालतं, पण तेच मांजर अंगणात पळायला लागलं की चालेलच याची खात्री नाही. शेजाऱ्याच्या कोंबड्या मेल्या की भांडणं होतात आणि मग ते कुत्रं जन्मभर साखळीला जातं.

शिकारीबद्दल स्पष्ट बोलतो कारण गावाकडे रविवारी चार पोरं, दोन कुत्री आणि ससा हे अजूनही चालतं आणि त्याचे व्हिडिओसुद्धा फिरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ससा, हरीण, काळवीट, चिंकारा, कशाचीही कुत्र्यानं शिकार करणं गुन्हा आहे. मारणं सोडा, मारायचा प्रयत्न करणं आणि त्यासाठी हाकणं हेही त्यात धरलंय. माळरानावरची जनावरं आधीच कमी झालीत, आणि आपली परंपरा म्हणून जे सांगतात त्यांना माझं म्हणणं एवढंच की परंपरा कुत्र्याची जपा, ती जपायला ससा मरायची गरज नाही. पळायची हौस भागवायला परदेशात दोरीला प्लॅस्टिकचं फडकं बांधून मोटरनं मैदानभर फिरवतात आणि कुत्री त्याच्यामागे धावतात, आपल्याकडे जुनी बॅटरी, मोटर, नायलॉनची दोरी यातून कुठलाही वायरमन ते जमवून देईल. कुत्रं तेवढंच खूश होतं.

स्वभाव म्हणाल तर हे कुत्रं सगळ्यांच्या गळ्यात पडणारं नाही. घरच्यांशी एकदम जीव लावणारं, परक्यांशी अंतर ठेवणारं. अनोळखी माणसानं येऊन डोक्यावरून हात फिरवलेला त्याला आवडत नाही, मागे सरकतं. हे चावरेपण नाही. पण कोपऱ्यात गाठून जबरदस्ती केली तर भीतीनं चावेल. पिल्लू तीन आठवड्यांपासून साधारण चौदा आठवड्यांपर्यंत जे बघतं, ऐकतं, ते त्याला आयुष्यभर नॉर्मल वाटतं, म्हणून या काळात त्याला लहान मुलं, म्हातारी माणसं, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, कुकरची शिट्टी, ट्रॅक्टर, फटाक्यांचा लांबून आवाज, सगळं हळूहळू दाखवा. लस पूर्ण व्हायच्या आधी जमिनीवर सोडू नका कारण पार्वो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचे जीवघेणे आजार मातीतून, इतर कुत्र्यांकडून येतात, पण कडेवर घेऊन फिरवा की, त्याला कुठे पैसे पडतात. राखणीसाठी म्हणून घेऊन चोवीस तास साखळीला बांधायचं असेल तर कृपा करून ही जात घेऊ नका. पळायला केलेलं शरीर सहा फुटाच्या साखळीत ठेवलं की ते कुत्रं एकतर खचतं नाहीतर चिडतं.

फ्लॅटमध्ये चालेल का, हा प्रश्न कायम येतो. चालतं, आणि लोकांना याचं आश्चर्य वाटतं कारण घरात ही कुत्री शांत असतात, दिवसभर लोळतात, भुंकणंही कमी. पण त्यासाठी रोज सकाळी ऊन व्हायच्या आधी आणि संध्याकाळी नीट चालणं, आणि आठवड्यातून काही वेळा खरंखुरं पळणं मिळालं पाहिजे, नाहीतर सोफा फाडतं आणि तो त्याचा दोष नाही. घरात सगळे दहा तास ऑफिसला जाणारे असतील तर नका घेऊ. सोसायटीवाले पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालू शकत नाहीत, लिफ्टमध्ये नेऊ नका म्हणू शकत नाहीत, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना तशा आहेत, पण घाण उचलणं, पट्ट्याला धरणं, महापालिकेचं लायसन काढणं, दरवर्षी रेबीजची लस देणं हे आपलं काम आहे. ते केलंत तर सोसायटीतली निम्मी भांडणं होतच नाहीत.

खायला काय द्यायचं यावर गावात परंपरेनं ज्वारी-मक्याची भाकरी आणि दूध चालत आलंय. मोठ्या कुत्र्याचं त्यावर पोट भरतं, पण वाढत्या पिल्लाचं नुसत्या भाकरीवर होत नाही, प्रोटीन लागतं. अंडी, चिकन, मासे, दही, यातलं रोज काहीतरी द्या किंवा चांगलं पपी फूड द्या. आणि कॅल्शियम! पिल्लू मोठ्या जातीचं आहे, हाडं मजबूत व्हावीत म्हणून चांगल्या फीडवर वरून कॅल्शियमचं टॉनिक पाजायची फार वाईट सवय आपल्याकडे आहे. लहान पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, ते सगळं शरीरात जातं आणि हाडांची वाढ बिघडते, पाय वाकतात. डॉक्टरनं तपासून सांगितल्याशिवाय द्यायचं नाही. उंच कुत्र्यांची हाडं वाढायची थांबायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोपर्यंत सायकलला बांधून पळवणं, उंच उड्या, रोज चार मजले जिने हे नको, पिल्लाला स्वतःच्या मर्जीनं खेळू दे, दमलं की झोपू दे.

मोठं झाल्यावर लोक म्हणतात काय हो, उपाशी ठेवता काय कुत्र्याला, फासळ्या दिसतात. या बांध्याच्या निरोगी कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेची हाडं थोडी दिसलीच पाहिजेत. लोकांचं ऐकून त्याला गुबगुबीत करू नका, त्याच्या सांध्यांना ते वजन झेपायचं नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं देऊ नका.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये कधीकधी पोटात गॅस होऊन जठरालाच पीळ बसतो. पोट फुगतं, ताठ होतं, कुत्रं ओकायचा प्रयत्न करतं पण काही पडत नाही, अस्वस्थ होऊन फेऱ्या मारतं, लाळ गळते. हे दिसलं की ओवा-हिंग असले घरगुती उपाय करत बसू नका, सकाळपर्यंत थांबू नका, काही तासांत जीव जातो आणि ऑपरेशन हाच उपाय असतो. तुमच्या जवळ रात्री ऑपरेशन करणारा प्राण्यांचा दवाखाना कुठे आहे हे कुत्रं घ्यायच्या आधी शोधून ठेवा. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळात वाटून द्या, खाल्ल्या खाल्ल्या पळवू नका.

बाकी आजार आपल्याकडच्या सगळ्या कुत्र्यांचेच. गोचीड ताप सगळ्यात जास्त, खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी लाल-पिवळी झाली की लगेच रक्त तपासा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा जंतूंचा आजार होतो, त्याची लस इतर लसींबरोबर मिळते. रेबीज एकदा झाला की कुत्र्याला नाही आणि माणसालाही नाही, उपाय नाही, त्यामुळे ती लस चुकवायचीच नाही.

आता जातीची जबाबदारी. थोडं गणित आहे पण अवघड नाही, शांतपणे वाचा.

प्रत्येक जनावरात प्रत्येक जीनच्या दोन कॉपी असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक कॉपी खराब असली तरी बहुतेक वेळा दुसरी काम चालवून नेते, म्हणून दिसायला धडधाकट कुत्र्यातही बऱ्याच खराब कॉपी लपलेल्या असतात, तुमच्या-माझ्यातही असतात. आई-बाप एकमेकांचे नातेवाईक असले की तीच खराब कॉपी दोघांकडून पिल्लात यायचा चान्स वाढतो, आणि मग ती झाकायला चांगली कॉपी उरत नाही. हा चान्स आकड्यात मांडता येतो, त्याला इनब्रीडिंगचा आकडा म्हणू. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे होतात, त्या जोडप्याच्या मुलांचा हा आकडा ६.२५ टक्के. कर्नाटकात सख्ख्या मामाशी लग्न करायची पद्धत होती, तिथे १२.५ टक्के. आणि सख्खे भाऊ-बहीण किंवा बाप-लेक यांची पिल्लं असतील तर २५ टक्के. कुत्र्यांमध्ये हे शेवटचं सर्रास होतं, कारण एका घरात एकाच वेताची नर-मादी जोडी ठेवलेली असते आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनाच लावतात, वर 'प्युअर लाइन' म्हणून विकतात. त्याचा परिणाम पहिल्याच पिढीत उठून दिसेल असं नाही. वेतात पिल्लं कमी होतात, जन्मल्यावर जास्त मरतात, आजाराला लवकर बळी पडतात, मादी नीट गाभण राहत नाही. हळूहळू होतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट गाजलेल्या नराची. समजा एका पट्ट्यात पिल्लं देणाऱ्या ४० माद्या आहेत. सगळ्यांना वाटतं शर्यत जिंकलेल्या, शो जिंकलेल्या नराचीच पिल्लं पाहिजेत, म्हणून ४ नरच वापरले जातात. बघायला ४४ कुत्री, पण आनुवंशिकतेच्या हिशोबात तेवढी नाहीत. त्याचं सूत्र सोपं आहे, नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले नर-मादींची बेरीज. चार गुणिले चाळीस गुणिले चार म्हणजे ६४०, भागिले ४४, उत्तर साधारण साडेचौदा. म्हणजे ४४ कुत्री असून ती जात साडेचौदा कुत्र्यांएवढीच वागते. तेच २० नर आणि २० माद्या असत्या तर उत्तर ४० आलं असतं, कुत्री उलट चार कमी आणि रक्त जवळजवळ तिप्पट. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा पाळीव जनावरांच्या जातींसाठीचा ठोकताळा असा की हा आकडा किमान ५० तरी असावा, कारण तेव्हा इनब्रीडिंग पिढीमागे १ टक्क्यानं वाढतं. साडेचौदाला ते पिढीमागे जवळपास साडेतीन टक्क्यांनी वाढतं, आणि कुत्र्याची पिढी तीन-चार वर्षांत बदलते. म्हणून मला एका चॅम्पियन नराची शंभर पिल्लं झाली की आनंद होत नाही, काळजी वाटते. बाजूच्या गावातला साधा, निरोगी, शांत स्वभावाचा, कुठलंही बक्षीस न मिळालेला नर जातीच्या दृष्टीनं फार मोलाचा असतो, आणि त्याला कोणी विचारत नाही.

मग लोक दुसऱ्या टोकाला जातात, नवीन रक्त पाहिजे म्हणून ग्रेहाउंड घालतात. खरं कारण बहुतेक वेळा शर्यत असतं, ग्रेहाउंडचा क्रॉस पळतो जोरात. त्या क्रॉसच्या कुत्र्यात वाईट काही नाही, छान कुत्रं असतं, पण ते कारवानी म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि त्याला पुढे कारवानी मादीवर वापरलं की दोन पिढ्यांनी कोण काय हे कुणालाच सांगता येत नाही. नवीन रक्त आणणं म्हणजे पाप नाही. डालमेशियन तुम्ही बघितलं असेल, त्या सगळ्या जातीतच युरिक अ‍ॅसिडचा एक दोष पक्का झाला होता, लघवीत खडे व्हायचे आणि जातीत चांगली कॉपीच शिल्लक नव्हती. १९७३ मध्ये अमेरिकेत एका आनुवंशिकी तज्ज्ञानं एकदाच पॉइंटर जातीचं कुत्रं वापरलं, मग पिढ्यान्‌पिढ्या परत डालमेशियनशीच लावत, प्रत्येक पिढीची नोंद ठेवत ती चांगली कॉपी जातीत आणली, आणि तिथल्या केनेल क्लबनं ती कुत्री २०११ मध्ये स्वीकारली. फरक नोंदीत आहे. त्यांनी लिहून ठेवलं, आपण लपवतो.

करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं मुधोळ हाउंडची देशी जात म्हणून अधिकृत नोंद केलीय, राजापालयम आणि चिप्पीपराईची पण केलीय. पण ती जातीची नोंद झाली, तुमच्या कुत्र्याची नाही, ब्रीडर ती दाखवून पेपर आहेत म्हणत असेल तर फसू नका. तुमच्या कुत्र्याची ओळख म्हणजे त्याची मायक्रोचिप, आई-बाप, आजी-आजोबांची नावं आणि त्यांचे फोटो. मुधोळ तालुक्यात तिम्मापूरला सरकारी श्वान संशोधन केंद्र आहे, बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं, पिल्लू घ्यायचं असेल तर तिथे चौकशी करून वाट बघा.

खासगी ब्रीडरकडून घेणार असाल तर २०१७ चे कुत्रा प्रजनन आणि विक्रीचे केंद्राचे नियम माहीत असू द्या. ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाच्या आतली मादी लावता येत नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही. नियम राहू दे, तुम्ही स्वतः जाऊन आईला बघा. आई दाखवत नाही, पिल्लू गाडीतून हायवेवर आणून देतो, तीस दिवसांचं आहे पण खायला लागलंय घेऊन जा, असं म्हणणाऱ्याकडून कितीही गोंडस असलं तरी घेऊ नका. आई जवळ येते का, हात लावू देते का, माणसाला बघून लपते का हे बघा, तिचाच स्वभाव पिल्लात येणार आहे. बापाचं नाव विचारा, आणि आई-बापाचे आजी-आजोबा एकच आहेत का हे सरळ विचारा. चांगला ब्रीडर या प्रश्नानं खूश होतो आणि उलट तुम्हालाच दहा प्रश्न विचारतो, घर कसंय, कंपाउंड आहे का, दिवसभर कोण असतं. ज्यानं तुम्हाला एकही प्रश्न विचारला नाही त्याला त्या पिल्लाचं पुढे काय होईल याच्याशी घेणंदेणं नाही.

आता तुमचं कुत्रं मोठं झालं, दिसायला देखणं आहे, फोनवर विचारणा सुरू झाल्या की आमच्या मादीला तुमचा नर द्या. इथे मी बराच विचार केलाय. सगळ्यांनीच नसबंदी केली तर जे ५० चं गणित वर सांगितलं ते कधीच जमणार नाही, चांगलं रक्त कायमचं बाद होईल. सगळ्यांनीच लावायला सुरुवात केली तर पिल्लं रस्त्यावर येतील, येतातच. म्हणून मला पटतं ते असं, की न लावणं हे गृहीत धरा आणि लावायचं असेल तर त्याला कारण पाहिजे. तुमच्या कुत्र्याचं रक्त बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे, त्याचा स्वभाव दोन-तीन वर्षांचा होईपर्यंत नीट पारखलाय, त्याच्या भावंडांना काही आनुवंशिक आजार निघालेला नाही, समोरची मादी नात्यातली नाही, दोघांची ब्रुसेला टेस्ट झालीय कारण तो रोग मेटिंगमधून पसरतो आणि माणसालाही होतो, आणि जन्मणाऱ्या प्रत्येक पिल्लाला घर आधीच ठरलंय. हे सगळं असेल तर लावा, एकदा-दोनदा, आणि पिल्लांची यादी करा, कुठे गेली ते लिहा. आणि कुणी पैसे देतंय म्हणून, किंवा मादीला एकदा तरी पिल्लं झाली पाहिजेत म्हणून लावू नका. मादीच्या तब्येतीला वेताची काही गरज नसते, हा निव्वळ गैरसमज आहे. तिला गर्भाशयात पू होण्याचा आजार मात्र होतो, आणि नसबंदीनं तो टळतो. नसबंदी करायची तर मोठ्या बांध्याच्या कुत्र्याची वाढ पूर्ण झाल्यावर करा, नेमकं कधी ते डॉक्टरशी बोलून ठरवा, तोपर्यंत माजावर आली की तीन आठवडे डोळ्यात तेल घालून सांभाळावं लागतं, नर सहा फुटाच्या भिंतीवरूनही येतात.

जे लावणार नाहीत त्यांचाही जातीला उपयोग आहे, तो कसा ते सांगतो. कुत्र्याची उंची-वजन, कुठल्या वयात काय आजार झाला, भुलेला कसा वागला, किती वर्षं जगला आणि कशानं गेला, हे लिहून ज्या ब्रीडरकडून घेतलं त्याला कळवत राहा. परदेशातल्या जातींची बरीच माहिती अशीच साध्या मालकांनी कळवलेल्या नोंदींतून जमलीय. कारवानी नीट सांभाळला तर बारा-तेरा वर्षं सहज जगतो, कधी जास्त. एवढ्या वर्षांचं एक कुत्र्याचं नीट लिहिलेलं टिपण त्या लाइनच्या पुढच्या दहा वेतांना उपयोगी पडतं.

शेवटचं काम पिल्लू घरी आणायच्या आधीच करायचं. बारा-तेरा वर्षांत बदली होते, परदेशात नोकरी लागते, घरात बाळ येतं, आजारपण येतं. तुम्हाला ठेवता आलं नाही तर हे कुत्रं कुठे जाणार, हे ब्रीडरशी बोलून कागदावर लिहून घ्या, तो परत घेणार आहे का, घेणार नसेल तर तुमच्या घरातला, मित्रांतला कोण घेणार, त्याला विचारून त्याचं नाव लिहा. आणि त्या माणसाला कुत्र्याची सवय लहानपणापासून होऊ द्या, सुट्टीत चार दिवस त्याच्याकडे ठेवा, कारण ही जात मोठी झाल्यावर नवीन माणूस पटकन स्वीकारत नाही.